उजव्या बाजूची सीट

शांती नगर, मीरा रोड
१२ जानेवारी २०२५

प्रिय सुलू,

आज दुपारी पडद्याला तुरपाई घालत बसले होते आणि एकदम आपला शिवणाचा तास आठवला. जेवणाच्या सुट्टीनंतरचा, डोळ्यांवर झापड आणणारा. मांडीवर टेबलक्लॉथ पसरलेला आणि सिस्टर बेनेडिक्टांचा नियम असा की सुई चालेल, तोंड चालणार नाही. आपण दोघी दोरा दातांनी तोडायचं निमित्त करून कापडाआड बोलायचो. सिस्टर पार कॉरिडॉरच्या टोकाला असायच्या तेव्हाच त्यांच्या कमरेच्या जपमाळेचा किणकिणाट तुला ऐकू यायचा. तू मला कोपर मारायचीस, मी शेजारणीला, आणि सिस्टर दारात येईपर्यंत अख्खी रांग देवदूतांसारखी बसलेली! आम्हाला कुणालाच तो आवाज यायचा नाही. कसे कान होते तुझे, सुलू!

तुरपाई करावी लागतेय कारण जुन्या पडद्यावर उदयने ग्रीस सांडलं. निवृत्तीनंतर तो वाचन करणार होता. जन्मभर लिफ्टच्या मोटारी दुरुस्त केल्या, आता शांतपणे बसेन म्हणाला होता. बसला, पण गाडीखाली. आपली ती पांढरी छोटी मारुती आठवते ना, लोकेश शाळेत असताना घेतलेली? लोकेश म्हणतो, "बाबा, भंगारात द्या." उदय म्हणतो, देणार नाही, हिला हायब्रिड करणार. मला समजलं तेवढं सांगते. पुढच्या चाकांना पेट्रोलचं इंजिन आहे तसंच ठेवायचं. मागच्या दोन्ही चाकांत एकेक विजेची मोटार बसवायची, डिकीत बॅटरी ठेवायची आणि ती घरच्या प्लगवर मोबाइलसारखी चार्ज करायची. जवळ जायचं तर वीज, लांब जायचं तर पेट्रोल. आणि म्हणतो, "पहिली लांबची फेरी माणगावची, सुलूकडे."

त्याची गाडी होईल तेव्हा होईल, तू आधी ये. लोकेश आणि साक्षी जेसल पार्कला राहायला गेल्यापासून एक खोली रिकामीच आहे. चार दिवस राहा. फोनवर तू सापडत नाहीस, आणि पत्रांनी माझं पोट भरत नाही.

तुझी,
वैजू

माणगाव
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय वैजू,

तुझं पत्र उर्मिलेने आणून दिलं तेव्हा मी वाल सोलत होते. वाल राहिले बाजूला. सूनबाई म्हणाली असेल काहीतरी, माझं लक्ष नव्हतं.

उदयभावजींना सांग, दोन चुली असलेल्या घरात भात कुठल्या चुलीवर हा वाद रोज होतो, तसा त्यांच्या गाडीतही होईल. पुढची चाकं म्हणतील पेट्रोल, मागची म्हणतील वीज. आणि रस्त्यात बॅटरी संपली तर कुणाच्या घरात वायर टाकून उभे राहणार आहात? कोलाडच्या कुणा बाईच्या? तिचा मिक्सर बंद पाडून?

थट्टा करतेय. खरं म्हणजे हेवा वाटतो. आमचे हे असते तर नुसते टीव्हीसमोर बसले असते.

मला मात्र यायला जमणार नाही गं. गुडघे कुरकुरतात. नातवाची परीक्षा आहे. त्यानंतर पापड-फेण्यांचे दिवस. मग आंबे. फोनचं म्हणशील तर इथे रेंजच धड नसते. पत्रं लिही. लांब लिही. पोट भरत नसेल तर अजून एक पान वाढ.

तुझी,
सुलू

शांती नगर
९ मार्च २०२५

प्रिय सुलू,

गाडी आता इथून जवळच्या राई गावात आहे. त्याचं असं झालं की आमचे सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतभाई एका सकाळी खाली आले, तर उदय पार्किंगमध्ये मागची दोन्ही चाकं काढून बसलेला. गुणवंतभाई म्हणाले, "उदयभाई, ये पार्किंग छे के कारखाना?" उदयने सांगितलं, प्रदूषण कमी करतोय. ते म्हणाले, "पहले ये खटखट कम करो, प्रदूषण बाद में." आणि बॅटरी इमारतीखाली ठेवायची नाही, असं मीटिंगमध्ये ठरलंसुद्धा. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, वर एवढी बिऱ्हाडं.

मग धाकूभाऊ धावून आले. राईचे. वर्षानुवर्षं आमच्याकडे भाजी घेऊन यायचे ते. बैल विकल्यापासून त्यांचा गोठा रिकामाच होता. टेम्पोवर घालून गाडी तिथे नेली आणि ती आता बैलांच्या जागी उभी आहे. धाकूभाऊ तिला बैलच म्हणतात.

परवा पहिली चाचणी झाली. गाडीचा मागचा भाग विटांवर चढवला होता. उदयने बटण दाबलं आणि सुलू, डावं चाक पुढे फिरायला लागलं, उजवं मागे! दोन मोटारी एकमेकींकडे पाठ करून बसवलेल्या, वायरी मात्र दोघींना सारख्याच जोडलेल्या. लिफ्टला एकच मोटार असते ना, त्यामुळे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. धाकूभाऊ हसून हसून गव्हाणीवर बसले. "वैनी, यो बैल चालला घरा, त्यो बैल चालला शेतान! आनि तुमचा मालक मधी उबा हाय!" उदय रागावून चहासुद्धा प्यायला नाही. नंतर वायरी बदलल्या. फिरतात आता दोन्ही चाकं एका दिशेला.

सुलू, एक विचारायचं आहे. हे लिहिण्यासाठी मी दोनदा कागद घेतला आणि ठेवून दिला. लोकेशच्या लग्नात तू आलीस पण कोपऱ्यात बसून राहिलीस. मी शेजारी येऊन कितीतरी बोलले, तू "हो, हो" म्हणून हसत होतीस. तुझी तब्येत विचारली, तरी "हो, हो." त्यानंतर तू कधी आली नाहीस. दर वेळी गुडघे, परीक्षा, पापड. माझं काही चुकलंय का? माझ्या हातून तू दुखावली असशील तर मला सरळ सांग. आता या वयात दुसरी सुलू मी कुठून आणू?

तुझी,
वैजू

माणगाव
२१ मार्च २०२५

प्रिय वैजू,

तुझं काही चुकलेलं नाही. मला ऐकू येत नाही.

हे वाक्य लिहून मी उठले, पाणी प्यायले आणि परत आले. आता पुढचं लिहिते.

पाच-सहा वर्षं झाली. हळूहळू गेलं. आधी कुकरची शिट्टी, मग पक्षी, मग माणसं. एका कानाने तर सामानच आवरलं, दुसऱ्याने अजून थोडा धीर धरलाय. डॉक्टरांनी मशीन दिलं आहे. कानात घातलं की पंखा, भांडी, बाहेरची रिक्षा, सगळं एकदम अंगावर येतं. त्यात माणसाचं बोलणं तेवढं बुडून जातं. कौस्तुभला वाटतं मशीनमुळे आईचं भागतं. मी त्याला तसं वाटू देते. ओठ बघते, चेहरे बघते, सगळे हसले की हसते. उर्मिलेला वाटतं मी तिच्याशी अबोला धरलाय. सासू बहिरी असण्यापेक्षा खडूस असलेली बरी, असं मनाशी म्हणते.

लग्नात सनई, स्पीकर, तुझ्या हातातल्या बांगड्या. तुझे ओठ हलत होते, वैजू, आणि तू इतकी आनंदात होतीस! मध्येच थांबवून "पुन्हा सांग" म्हणणं मला जमलं नाही. तुझ्याशी तरी नाही. जिला मी जपमाळेचा आवाज सांगायचे, तिला मी हे कसं सांगणार?

म्हणून येत नाही. तू बोलशील आणि मी हसत बसेन. तुझ्यापुढे मला तसं बसायचं नाहीय. पत्रात मी आहे तशी आहे. इथे मला सगळं ऐकू येतं.

कुणाला सांगू नकोस.

तुझी,
सुलू

शांती नगर
२० एप्रिल २०२५

प्रिय सुलू,

उत्तराला उशीर झाला. चौदा एप्रिलची धावपळ होती, घरभर पाहुणे, पण खरं कारण ते नाही. मी रडले वगैरे, ते जाऊ दे. स्वतःवर चिडले. लग्नात मी तुझ्याशी एवढं बोलले आणि तुझ्याकडे नीट बघितलंच नाही.

कुणाला सांगू नकोस म्हणालीस, पण मी उदयला सांगितलं. रागव. त्याने चष्मा पुसला आणि राईला निघून गेला. त्या वेळी मला त्याचा रागच आला होता. माणसाला दुसऱ्याच्या दुःखापेक्षा स्वतःचा पाना प्यारा, असंही बोलून गेले.

पुढच्या आठवड्यात त्याने मला राईला नेलं. गाडी चालते सुलू! धाकूभाऊंच्या वाडीतून खाडीकडे जाणारी त्यांचीच वाट आहे, तिच्यावर चालवतो. रस्त्यावर न्यायची नाही म्हणतो, कागदपत्रं होईपर्यंत. मी शेजारी बसले. त्याने विजेचं बटण दाबलं आणि मला वाटलं बंदच पडली. तर बाहेरचं शेवग्याचं झाड मागे सरकत होतं! इंजिन नाही, धडधड नाही, काही नाही. पेट्रोलवर हीच गाडी किती बडबड करायची, आठवतं? आता माझ्या बांगड्या वाजल्या तर मीच दचकले. इतकी गुपचूप येते की धाकूभाऊंची कोंबडी चाकाखाली येता येता वाचली. तेव्हापासून त्यांनी बैलांची घुंगुरमाळ काढून पुढे बांधली आहे. "आता कलतंय, कोनतरी येतंय," म्हणतात.

तर, आता ऐक. मी पाहिलं की उदयने दारांच्या आत जुनी गोधडी कापून चिकटवली आहे. खाली रबर. काचांच्या फटी बुजवल्या. मी विचारलं, हे कशाला, थंडी कुठे आहे? तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "सुलूचा कुठला कान बरा आहे?"

म्हणून विचारते. कुठला?

तुझी,
वैजू

माणगाव
२९ एप्रिल २०२५

प्रिय वैजू,

डावा. पण आशा धरू नकोस. डॉक्टरांच्या शांत खोलीत मला थोडं ऐकू आलं होतं, बाहेर आल्यावर गेलं. भावजींना म्हणावं उगाच खटाटोप करू नका. आणि तू फोडलंस म्हणून मी रागावले होते. संध्याकाळपर्यंत.

सुलू

शांती नगर
६ मे २०२५

प्रिय सुलू,

डावा कान म्हणजे मोठीच पंचाईत झाली. उदयने तुझं पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. त्याने सगळी तयारी केली होती ती अशी की मी चालवायला शिकेन आणि तू शेजारी बसशील. पण शेजारी बसणाऱ्या माणसाचा चालवणाऱ्याकडे उजवा कान असतो. मी किती वेळ खुर्च्या मांडून बघितल्या, तरी तेच. मागे दोघी बसलो तर गाडी चालवायला तिसरा लागणार, आणि तिसऱ्या माणसादेखत तू पुन्हा "हो, हो" म्हणणार. मला तू ओळखतेस, मी तुला ओळखते.

तेव्हा उपाय एकच. गाडी तू चालवायचीस.

हसू नकोस. क्लच नाही, गिअर नाही. शिवणयंत्राचं पायडल दाबतेस तसं दाबायचं. उदयने आत कायसं फिरवून ठेवलंय, त्यामुळे ती धाकूभाऊंच्या चालण्यापेक्षा जोरात जाणारच नाही. वाट त्यांची, वाडी त्यांची, बघायला कुणी नाही. कोंबड्या झाकून ठेवणार आहेत.

आणि गाडीत बसून काहीच ऐकू आलं नाही, तरी आपण दोघी गाडीत बसून येऊ. इतकंच. मला तुझ्याशेजारी बसायचं आहे सुलू, तू ऐकलंस तरी आणि नाही ऐकलंस तरी. पाऊस लागला की ती वाट चिखलात जाते. आंबे काढून झाले की ये. किंवा आंबे घेऊन ये.

तुझी,
वैजू

माणगाव
३० मे २०२५

प्रिय वैजू,

सुखरूप पोचले. कौस्तुभने बसमधून उतरताना हात धरला आणि काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "डाव्या बाजूला येऊन बोल." तो डावीकडे आला. मग सगळं सांगितलं. ते नंतर लिहिते.

आधी तुझ्या गाडीचं. तुला सगळं माहीत आहे, तू शेजारीच होतीस, तरी मला लिहायचं आहे. आतून कसं होतं ते तुला माहीत नाही.

पहिल्या दिवशी तुझ्या घरी जेवताना मी नेहमीसारखी हसत होते. लोकेश बोलला, साक्षी बोलली, मी हसले. मनात म्हटलं, उगाच आले. दुसऱ्या दिवशी राईला त्या बैलाच्या गोठ्यात जाऊन स्टिअरिंगमागे बसले तेव्हा तर पळून जावंसं वाटत होतं. भावजी बाहेर उभे राहून ट्रॅफिक पोलिसासारखे हात करत होते. तू काचा वर केल्यास. मे महिना, दुपार, बंद काचा! आपण दोघी कुकरमधल्या बटाट्यांसारख्या झालो होतो. मी पाय दाबला आणि झाड हललं.

मग किणकिण ऐकू आली. पुढची घुंगुरमाळ. वाटलं, मनाचे खेळ असतील. मग तुझ्या बांगड्या. आणि मग माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "अगं समोर बघ, माझ्याकडे काय बघतेस!"

वैजू, तो तुझ्या आईचा आवाज होता. अगदी तोच, थोडा जाडसर, शेवटी वर जाणारा. माझ्या मनात तुझा शाळेतलाच आवाज होता, इतकी वर्षं तुझी पत्रं मी त्याच आवाजात वाचत होते. तू आईसारखी बोलायला लागलीस हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी रडले. तू समजलीस मी घाबरले, आणि हँडब्रेक ओढलास.

नंतर आपण काय बोललो? काहीच नाही. भावजींचं घोरणं, तुझ्या बँकेतली ती मॅनेजर, चिंच-गुळाची आमटी, सिस्टर बेनेडिक्टा. तू सिस्टरांची नक्कल केलीस आणि मी हसले, आणि वैजू, मी बरोबर जागी हसले. तुला हे कळलं नसेल. तुझं बोलणं संपण्याच्या आधीच हसले. चेहरा बघून नव्हे. मी समोर बघत होते.

वांग्याच्या वाफ्याबद्दल धाकूभाऊंची पुन्हा माफी माग. ते ओरडत होते म्हणे. तेवढं मात्र मला खरंच ऐकू आलं नाही.

इकडे कानातलं मशीन डॉक्टर पुन्हा तपासून देणार आहेत. उर्मिला आता माझ्याशी बोलायचं असलं की मिक्सर बंद करते आणि डावीकडे येते. काल म्हणाली, "आई, मला वाटायचं मी तुम्हाला आवडत नाही." मी म्हटलं, आवडतेस, फक्त तुझं तोंड पदराआड असतं. दोघी हसलो.

उकाड्याने माझं वजन उतरलं असावं. पुन्हा कधी बोलावतेस?

तुझी,
सुलू

शांती नगर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुलू,

तू दिवाळीनंतरची दुसरी फेरी मारून गेलीस आणि इकडे एक निकाल लागला. उदय आरटीओत जाऊन आला. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फोटो बघितले, कौतुकही केलं, आणि सांगितलं की घरी बनवलेली अशी गाडी रस्त्यावर पास होत नाही. मान्यता मिळालेलीच यंत्रणा बसवावी लागते. उदय बाहेर येऊन म्हणाला, "नियम बरोबर आहे. जो तो अशी गाडी करून हायवेला आला तर काय होईल?" हे तो इतक्या शहाणपणाने म्हणाला की मला कळलं, त्याला वाईट वाटलंय. माणगावला स्वतः चालवत न्यायची होती ना त्याला.

त्या संध्याकाळी राईला गेलो तर गुणवंतभाई गाडीत बसलेले! काचा बंद करून, एकटे. दर रविवारी येतात म्हणे. आत फक्त बसतात. धाकूभाऊंनी सांगितलं, "तेंच्या घरान सात मानसं हान, वैनी. हितं गप बसाला मिलतं." उदयला एकदम हसू फुटलं. म्हणाला, रस्त्यासाठी केली आणि लोकांनी तिची खोली केली. तेव्हापासून बरा आहे. कालच त्याने आत एक छोटा पंखा बसवलाय. आवाज न करणारा. तू आलीस तेव्हा का नाही सुचलं, असं मी विचारलं नाही.

गाडी राईलाच राहील. पण धाकूभाऊंच्या भावांनी शेजारचा तुकडा इमारतीसाठी दिला आहे. यांचाही कधीतरी जाईल. आम्हीही काही कायमचे नाही. तेव्हा मी आणि उदयने कालच चहा पिता पिता ठरवून टाकलं आणि ते तुला लिहून ठेवते, कारण तुझ्याकडे माझं एकही पत्र हरवलेलं नाही.

बॅटरी धाकूभाऊंच्या घरी, दिव्यांसाठी. घुंगुरमाळ त्यांच्याच गोठ्याच्या खुंटीला परत, ती त्यांच्या बैलांची आहे. मागच्या दोन्ही मोटारी लोकेशला. जो भंगार म्हणत होता त्यालाच. हल्ली साक्षीला घेऊन हळूच वाडीत फेरी मारून येतो आणि त्याला वाटतं की आम्हाला कळत नाही. इंजिन मुलांना शिकवायला एखाद्या आयटीआयला. हॉर्न गुणवंतभाईंना, सोसायटीच्या मीटिंगसाठी.

पुढच्या दोन सीटा मात्र कुणी मागितल्या तरी द्यायच्या नाहीत. त्या माणगावला, तुझ्या पडवीत. कौस्तुभला सांग, टेम्पो करून घेऊन जा. शेजारीशेजारी मांडायच्या, गाडीत होत्या तितक्याच अंतरावर, तोंड अंगणाकडे.

उजवी तुझी.

वैजू